अध्यक्षांचं अनुमोदन

धारवाडच्या ज्या कॉलेजात मी शिकले, तिथल्या मराठी मंडळाला घटना होती आणि त्या घटनेप्रमाणे मंडळाची कार्यकारिणी अकरा जणांची असायला हवी होती. मी दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा मंडळाचे एकूण सदस्यच दहा होते. म्हणजे आम्ही सगळे पदाधिकारी होतो आणि तरी एक खुर्ची रिकामी होती. कार्यकारिणीनं वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेला उत्तरं द्यावीत असं कलम होतं. त्या दिवशी आम्ही भिंतीकडच्या बाकांवरून उठून खिडकीकडच्या बाकांवर बसायचो आणि आम्हालाच प्रश्न विचारायचो.

मी सचिव होते. माझं अक्षर बरं आहे असं सरांचं मत होतं. सर म्हणजे मराठीचे प्राध्यापक, मंडळाचे पदसिद्ध मार्गदर्शक. निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे. वर्गात चार मुलं असली तरी चाळीस असल्यासारखे मागच्या भिंतीकडे बघून शिकवायचे.

आमचं घर हुबळीला, रेल्वे वर्कशॉपच्या मागच्या वस्तीत. माझे वडील, अप्पा, वर्कशॉपात फिटर. घरात बुद्धाची तसबीर आणि तिच्या खालच्या फळीवर खाकी कव्हर घातलेली देशाची घटना, मराठीतली. घटना हा शब्द निघाला की अप्पा टेकून बसलेले असले तर सरळ व्हायचे. मी सचिव झाले आणि आमच्या मंडळाला घटना आहे हे कळल्यावर त्यांनी ती बघायला मागितली. मी झेरॉक्स आणली. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि पहिलं पान उलटसुलट केलं.

"उद्देशिका कुठाय?"

"नाही त्यात."

"मग सुरुवात कशी केलीय?"

"'मंडळाचे नाव' अशी."

 मग त्यांनी सगळी वाचली. जुन्या टाइपरायटरवरची ती घटना. त्या यंत्राला ळ नसावा, कारण प्रत्येक ळ कुणीतरी शाईच्या पेनानं हातानं काढला होता. वाचून झाल्यावर अप्पांनी ती माझ्याकडे परत दिली. "चालेल," ते म्हणाले. "पण घाईत केलेली दिसते."

त्या वर्षी प्राचार्यांनी सगळ्या मंडळांना कळवलं, की ज्यांची कार्यकारिणी पूर्ण नसेल ती मंडळं बंद धरली जातील आणि त्यांच्या खोल्या काढून घेतल्या जातील. आमच्या खोलीवर प्लेसमेंट सेलचा डोळा होता. खोली जिन्याखालची, उतरत्या छताची. उंच मुलांना एका बाजूला वाकून बसावं लागे. पण दुपारचा डबा मी तिथं खायची. कॉलेजभर कन्नड आणि इंग्रजी, घरी मराठी-कन्नडचं मिश्रण. निव्वळ मराठीत भांडण करता येईल अशी ती एकच जागा होती. ती जाणार म्हटल्यावर मला दोन दिवस डबा गेला नाही.

सरांना विचारलं, "एक जागा रिकामी ठेवली तर?"

"कलमात 'असावी' असतं तर ठेवली असती," सर म्हणाले. "'असलीच पाहिजे' आहे."

तेव्हा मी अकरावा माणूस शोधायला निघाले. मराठी विषय घेतलेले सगळे आधीच सदस्य होते. मराठी नावांची मुलं गाठली तर ती म्हणायची, नाव तेवढं मराठी. शेवटी लायब्ररीत एक जण मराठी पेपर वाचताना दिसला. तिसऱ्या वर्षाचा, बी.कॉम.चा. मी समोर बसले आणि विचारलं, "तुम्ही मराठी का?"

"न्हाई री. कन्नड पेपर सगळे लोकांच्या हातात हाईत. म्हणून हा घेतला." त्याचा 'री' कन्नडमधला, आपल्या 'अहो'सारखा.

"पण वाचता येतो?"

"येतोय की. आमचं गाव अळणावर. माझे अप्पा लाकडाच्या वखारीत कामाला. शेजारी सगळे मराठी. माझं मराठी वखारीतलं हाय, चालेल का तुमाला?"

मी त्याला सदस्यत्वाचं कलम दाखवलं. कॉलेजचा कोणताही विद्यार्थी, 'मराठी भाषेविषयी आस्था असलेला', सदस्य होऊ शकत होता. आस्था कशी मोजायची हे कुठंच दिलेलं नव्हतं. मी त्याला सरांकडे घेऊन गेले. सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आस्था आहे का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"हाय की," तो म्हणाला.

खोली वाचली. पण त्याच आठवड्यात अध्यक्षाची निवड होती आणि तिथं पुढचं सुरू झालं. अध्यक्ष अंतिम वर्षाचा हवा, त्याची हजेरी पुरेशी हवी आणि त्याचा एकही विषय मागे राहिलेला नको, असं कलम होतं. सरांनी ते वाचलं तसे एकेक जण मान खाली घालत गेले. आमच्यात अंतिम वर्षाचे तिघंच. एकीचे दोन विषय राहिले होते. दुसरा आमचा उपाध्यक्ष. हुबळीत लॅमिंग्टन रोडजवळ त्याच्या घरचं कापडाचं दुकान. लग्नसराईत तो गल्ल्यावर बसायचा आणि हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढं भोकं पडायची. तिसरा अळणावरचा. त्याची हजेरी भरगच्च होती, कारण त्याची पॅसेंजर धारवाडला लवकर पोचायची आणि वर्गाशिवाय बसायला दुसरी जागा नव्हती.

"सदस्य होऊन किती काळ झालेला असावा असं काही आहे का?" उपाध्यक्षानं विचारलं.

सरांनी पानं उलटली. "नाही. असं कुणी करेल हे घटनाकारांच्या डोक्यात आलं नसावं."

अशा रीतीनं कन्नड बोलणारा मुलगा मराठी मंडळाचा अध्यक्ष झाला, बिनविरोध. त्यानं उभं राहून एकच प्रश्न विचारला. "अध्यक्षाला काय करायला लागतंय?"

"सभा चालवायची," सर म्हणाले.

"कशी?"

"घटनेप्रमाणे."

त्यानं घटना मागून घेतली. इतर कुणीही ती कधी मागून घेतली नव्हती. तो जाता-येता गाडीत वाचायचा आणि अडलं की मला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायचा. मागं गाडीची खडखड, आणि तो विचारतोय, "सचिव, तहकूब म्हणजे काय?" मला नीट सांगता आलं नाही. मी अप्पांना विचारलं. अप्पांनी त्यांच्या युनियनच्या सभांचे इतके दाखले दिले, की मी एवढंच कळवलं, थांबवणे. थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं. "मग थांबवणे असं का न्हाई लिहिलं?"

आपल्याऐवजी हा अध्यक्ष झाला हे उपाध्यक्षाला लागलं होतं. तो वाईट मुलगा नव्हता. त्याचे आजोबा मंडळाच्या स्थापनेच्या वेळचे सचिव. लहानपणापासून त्यानं मंडळाच्या गोष्टी ऐकलेल्या. आपण अध्यक्ष होणार हे त्यानं घरी सांगूनही टाकलं असावं. एक दिवस डबा खाताना तो मला म्हणाला, "माझं त्याच्याशी वैर नाही. पण उद्या कानडी मंडळाचा अध्यक्ष मला करतील का, सांग."

"तू त्यांच्याकडे सदस्य हो, मग बघू," मी म्हटलं.

तो हसला नाही. काही दिवसांनी त्यानं घटनादुरुस्तीची सूचना दिली. एकट्या अध्यक्षावर रोख आहे असं दिसू नये म्हणून त्यानं मसुदा जरा रुंद केला होता: 'मंडळाच्या सर्व पदाधिकाऱ्यांची मातृभाषा मराठी असावी.' सूचना अध्यक्षाकडे द्यायची असते. त्यानं ती अध्यक्षाच्या हातात दिली. अध्यक्षानं ती दोनदा वाचली आणि विचारलं, "सभा शनिवारी ठेवू का? शनिवारी तुमचं दुकान असतंय, न्हवं?"

"शुक्रवारी चालेल," उपाध्यक्ष म्हणाला.

शुक्रवारी सगळे आले. एरवी आमच्या सभेला गणसंख्या कधी भरत नसे. घटनेनं त्यावर उपाय दिला होता: सभा अर्धा तास तहकूब करावी आणि नंतर तिथंच पुन्हा भरवावी, त्या सभेला गणसंख्येचं बंधन नाही. आम्ही कॅन्टीनला जाऊन चहा पिऊन परत यायचो आणि मग आम्ही तितकेच जण कायदेशीर ठरायचो. पण घटनादुरुस्तीला ही सवलत नव्हती. माणसं खरोखर लागायची. ती आली. 

उपाध्यक्षानं ठराव वाचला. अध्यक्षानं विचारलं, "ठरावाला अनुमोदन कोण देतंय?"

कुणीच हात वर केला नाही. ज्यांनी त्याला आधी हो म्हटलं होतं ते दोघं छताकडे बघत होते. उपाध्यक्षाचे कान लाल झाले. मी इतिवृत्ताच्या कागदावर पेन टेकवून बसले होते. अनुमोदक नाही म्हणजे ठराव आपोआप पडला, दोन ओळींत संपलं, असं मला वाटलं आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

अध्यक्षानं घटना उघडली, एक पान वाचलं, मिटली. "अध्यक्षानं अनुमोदन देऊ नये असं यात कुठं न्हाई. सर, हाय का?"

सर चहा पीत होते. "नाही."

"मग मी देतो. सचिव, लिहून घ्या."

"तुम्ही?" मी विचारलं. "हा ठराव तुम्हाला काढण्याचा आहे."

"ठाऊक हाय की. लिहा तुम्ही."

मी लिहिलं. अनुमोदक: अध्यक्ष.

मग चर्चा सुरू झाली. पहिल्यांदा कोपऱ्यातल्या एका मुलीनं हात वर केला. तिची आई कारवारकडची, घरी कोकणी. "मातृभाषा म्हणजे आईची भाषा धरायची का?" तिनं विचारलं. उपाध्यक्ष म्हणाला, "साहजिकच." ती म्हणाली, "मग मी कोषाध्यक्ष राहत नाही." दुसरा एक जण शिंप्याच्या घरातला, त्याच्या घरी जे बोलतात त्याला नाव काय द्यायचं हे त्याला सांगता येईना. त्यानं दोन वाक्यं बोलून दाखवली. क्रियापदं मराठी होती, नामं कन्नड होती आणि हिशेबाचे आकडे हिंदीत होते. त्याच्यावर निर्णय राखून ठेवण्यात आला.

मग माझी पाळी आली. माझी आई गदगची. लग्न होईपर्यंत तिला मराठीचं एक वाक्य येत नव्हतं. माझं पाळण्यातलं नाव, मला झोपवायची गाणी, ताप आला की कपाळावर हात ठेवून ती जे बोलायची ते, सगळं कन्नड. हे मी उभी राहून सांगितलं. गल्लीत आम्हाला मराठीवाले म्हणायचे आणि सांगलीला आत्याकडे गेलं की पोरं म्हणायची, कानडी आली. जिन्याखालच्या या खोलीत मला आजवर कुणी काहीच म्हटलं नव्हतं. आता तिथंही माझ्याविषयी एक ठराव होता आणि तो मीच लिहून घेत होते.

"म्हणजे सचिवपण जाणार," अध्यक्ष म्हणाला. "मिनिट्स कोण लिहिणार मग?"

कुणीतरी सरांकडे बघितलं. "मला यात धरू नका," सर म्हणाले. "मी पदसिद्ध आहे."

उपाध्यक्ष मनातल्या मनात मोजत होता. कार्यकारिणी अकराची असलीच पाहिजे. त्याच्या ठरावानं तिघं तर सरळ जात होते आणि चौथ्याचा निर्णय राखून होता. खोली प्लेसमेंट सेलला जात होती. तो उभा राहिला. "मी ठराव मागे घेतो."

मला वाटलं, सुटलो. अध्यक्षानं पुन्हा पान शोधलं. "ठराव मागं घ्यायला अनुमोदकाची संमती लागते."

"अनुमोदक तूच आहेस," उपाध्यक्ष म्हणाला. चिडून तो एकेरीवर आला होता.

"व्हय. माझी संमती न्हाई. मत घेऊया."

ठरावाच्या बाजूनं एकच हात वर आला, उपाध्यक्षाचा. त्यानं तो शेवटपर्यंत खाली घेतला नाही, हे मी तेव्हाही मनाशी नोंदवलं. बाकीचे विरोधात गेले. अध्यक्षानं मत दिलं नाही. मतं समसमान झाली तरच त्याला मत होतं. ठराव नामंजूर झाल्याचं त्यानं सांगितलं, आणि जे घटनेत नव्हतं तेही बोलला. "उपाध्यक्षांनी समोर येऊन मांडलं, मागं बोलले न्हाईत. त्याबद्दल आभार."

उपाध्यक्ष बॅग उचलून निघून गेला. पुढं तो खोलीत येईना. मी अध्यक्षावर रागावले होते. पॅसेंजरची वेळ होईपर्यंत मी त्याला सुनावलं, की उपाध्यक्ष ठराव मागे घेत होता तर घेऊ द्यायचा होता, सगळ्यांसमोर पाडायची काय गरज होती. तो ऐकून घेत राहिला आणि म्हणाला, "गाडी येईल. उद्या बोला राहिलेलं."

दोनेक आठवड्यांनी उपाध्यक्ष लायब्ररीत माझ्याकडे आला. "आजोबांना तुम्हा दोघांना भेटायचंय," तो म्हणाला. त्याला हे सांगायला आवडत नव्हतं ते दिसत होतं.

आम्ही गेलो. दुकानामागच्या जिन्यानं वर. आजोबा खिडकीशी आरामखुर्चीत, अंगात घरातही कोट. त्यांनी आम्हाला बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि थेट अध्यक्षाला विचारलं, "तुम्ही तुमच्याच विरुद्ध अनुमोदन दिलंत म्हणे?"

"हो री अज्जा."

"का?"

तो चपलांच्या रांगेकडे बघत म्हणाला, "अनुमोदन मिळालं नसतं तर ठराव तसाच पडला असता. बोलणंच झालं नसतं. मग ह्यांना जन्मभर वाटत राहिलं असतं, की आपलं कुणी ऐकूनच घेतलं न्हाई. आणि मला वाटत राहिलं असतं, की मी नियमामागं लपलो. ऐकून मग न्हाई म्हटलेलं बरं."

"आणि मागे का घेऊ दिला नाही?"

"मागं घेतला असता तर पुढच्या सभेला परत आणला असता. तोवर मला रोज त्यांचं तोंड बघायला लागलं असतं."

आजोबा हसले. उपाध्यक्ष दारात उभा होता. तो हसला नाही, पण आत येऊन बसला.

मी आजोबांना विचारलं, घटना तुम्ही लोकांनी कशी लिहिली. इतक्या बारकाईनं कसं सुचलं. त्यांनी चहाची कपबशी नीट ठेवली. "लिहिली कुठं? उतरवून घेतली. आमच्या गल्लीत एक तालीम होती, तिची तयार होती. रजिस्ट्रेशनची घाई होती. तालमीचं नाव काढून मंडळाचं घातलं."

मला एकदम एक कलम आठवलं. 'साहित्य वापरून झाल्यावर सदस्यांनी पुसून जागच्या जागी ठेवावे.' आम्ही दर वर्षी पुस्तकांच्या कपाटावर ते वाक्य खडूनं लिहायचो, आणि सरांनी एकदा त्यावर साहित्याच्या जपणुकीविषयी व्याख्यानही दिलं होतं. आजोबा म्हणाले, ते मुद्गल आणि डंबेल्सविषयी होतं.

"आणि कार्यकारिणी अकराची का?" उपाध्यक्षानं विचारलं.

"ते आता आठवत नाही," आजोबा म्हणाले. "तेवढी माणसं होती तेव्हा."

घरी येऊन मी हे अप्पांना सांगितलं. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी विचार केला. "तालीमवाल्यांनी बरी केली होती म्हणायची," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

त्यानंतर उपाध्यक्ष परत खोलीत येऊ लागला. दोघांची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. पण फेब्रुवारीत मराठी दिनाच्या कार्यक्रमाला अध्यक्षाच्या अंगात चांगला नवा शर्ट होता आणि त्याचं कापड कुठल्या दुकानातलं ते मी ओळखलं. भाषणात तो दोनदा अडखळला आणि एकदा एका नपुंसकलिंगी शब्दाला त्यानं पुल्लिंगी करून टाकलं. पहिल्या रांगेत बसलेल्या उपाध्यक्षानं हलकेच दुरुस्त केलं. अध्यक्ष थांबला, "दुरुस्ती मान्य," म्हणाला आणि पुढं बोलू लागला. प्राचार्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी मी अध्यक्ष झाले. सांगण्यासारखं काही घडलं नाही. त्यानंतर सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही, मराठीला प्रवेश घेणारं कुणी उरलं नाही. खोली प्लेसमेंट सेलला गेली. पुस्तकं आम्ही पोत्यांत भरून नवनगरच्या एका वाचनालयाला दिली. आता मी नवनगरलाच शाळेत शिकवते आणि ती पुस्तकं मधूनमधून तिथं बघते. फारशी कुणी नेत नाही.

अळणावरचा मुलगा आता पुण्याला नोकरीला आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. त्यानं तिथं फ्लॅट घेतलाय आणि सोसायटीनं त्याला सेक्रेटरी केलंय.

"तिथले लोक तुमच्या मराठीला हसतात का?" मी विचारलं.

"हसतात की. विचारतात, कुठलं मराठी हे? मी सांगतो, हुबळी-धारवाडचं. मग गप्प बसतात. त्यांना वाटतंय, तिकडं असंच शुद्ध असेल."

"आणि सोसायटी?"

"नियम कुणी वाचलेलेच न्हाईत. मी वाचून सांगितले. पार्किंगचा विषय निघाला, तर माझीच गाडी चुकीच्या जागी निघाली. ती पण मिनिट्समध्ये घेतली. आता लिफ्टमधे कुणी बोलत न्हाई माझ्याशी."

मी विचारलं, "वाईट वाटतं का?"

"न्हाई हो," तो म्हणाला. "रविवारी सभा हाय. तिथं बोलतील."